खुणा बोलून दाखवणारे हातमोजे : वाचकांचे प्रश्न

सांकेतिक भाषेचे आवाजात रूपांतर करणाऱ्या सेन्सरच्या हातमोज्यांची चित्रफीत पुन्हा फिरू लागली आहे आणि तिच्यासोबत नेहमीचेच प्रश्नही आले आहेत.

प्रश्न : ‘९९ टक्के अचूक’ हे खरे आहे का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी २०२० मध्ये ९८.६३ टक्के अचूकता नोंदवली, पण ती नोंदवलेल्या ६६० हस्तमुद्रा-नमुन्यांपुरती होती. जाहिरातीत हा आकडा नेमका गाळला जातो.

प्रश्न : अमेरिकन मोजा मागवला तर भारतीय खुणा ओळखेल का?

नाही. तिकडची मुळाक्षरे एका हाताने दाखवतात, आपली इंग्रजी मुळाक्षरे बहुतेक दोन हातांनी.

प्रश्न : आमच्या अडीच वर्षांच्या मुलीला ऐकू येत नाही. मोजा येणारच असेल, तर खुणा शिकवण्याची घाई करावी का? खुणा शिकल्या की मूल बोलत नाही, असे नातेवाईक म्हणतात.

कृपया एक दिवसही थांबू नका. मोजा फक्त बोटे किती वाकली आणि हात कसा फिरला एवढेच मोजतो. भाषा मुलीच्या मनात आधी असावी लागते, ती मोजा देऊ शकत नाही. शिवाय ‘तू जेवलीस’ आणि ‘तू जेवलीस?’ यांत हातांची हालचाल तीच राहून केवळ भुवया उंचावू शकतात. म्हणूनच वर सांगितलेल्या संशोधकांना चेहऱ्यावरही सेन्सर चिकटवून पाहावे लागले. ऐकण्यातील दोष तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित व्हावा आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा संकेत असताना ‘आमचाही उशिराच बोलला’ असे सांगत वर्ष-दोन वर्षे घालवणारी घरे पाहिली की फार वाईट वाटते, कारण भाषा सहज रुजण्याची ती वर्षे परत मिळत नाहीत. खुणांमुळे बोलणे खुंटते, ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. आई, बाबा, आजी, सगळ्यांनीच खुणा शिकायला लागा. बेरा तपासणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात, हे पाहणारी) झाली नसेल तर ती या आठवड्यातच करून घ्या आणि श्रवणयंत्र की कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे उपकरण), हे श्रवणतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत यासाठी मार्गदर्शन मिळते.

प्रश्न : कर्णबधिर भावाला दवाखान्यात मोजा पुरेल का?

पुरणार नाही. भावाचे म्हणणे डॉक्टरांना कळेल असे गृहीत धरले, तरी डॉक्टरांचे बोलणे त्याच्यापर्यंत मोजा पोहोचवत नाही. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी प्रशिक्षित दुभाषी मागा आणि तशी विनंती रुग्णालयाकडे आधीच लेखी द्या.