मैफलीत पेटीवाला (हार्मोनियमवाला) गायकाच्या मागे मागेच का वाजवतो? त्यांची आधी तालीम होते की नाही?

तालीम होत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी भरकटणार आहे.

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात नागपुरात एका उन्हाळी संगीत महोत्सवाला गेलात, पुढच्या रांगेत बसलात, आणि पेटीवाला गायकाच्या अर्धा श्वास मागून तेच ते वाजवतोय असं तुम्हाला वाटलं. 'स्वतःचं काही नसेल तर तो तिथे बसतो कशाला?' हे तुमचं शेवटचं वाक्य. जवळपास याच शब्दांत माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मला दर उन्हाळ्यात हेच ऐकवत आलेत. मी पेटी वाजवतो. त्यामुळे हे उत्तर थोडं तुम्हाला आणि बरंचसं त्यांना आहे. ते इथे वाचतात, मला माहीत आहे.

ग्रीन रूममध्ये जे होतं ते एवढंच: पट्टी कुठली, म्हणजे गायकाचा 'सा' कुठल्या सुरावर, ते विचारायचं, तानपुरे जुळले की त्यांत पेटीचा षड्ज (सा) धरून बघायचा, तबलजी हातोडीने तबला षड्जाला आणतो, चहा येतो. राग कधी आधी कळतो, कधी स्टेजवर पहिल्या आलापात कळतो. गायक बाहेरगावचा असेल तर त्याची आणि आमची त्या दिवशी पहिल्यांदाच गाठ पडलेली असते. मग मागे नाही वाजवणार तर काय पुढे वाजवणार? गायक पुढच्या क्षणी कुठे जाणार हे गायकाचंही पुरतं ठरलेलं नसतं.

विलंबितात (संथ लयीत) गायक एक जागा, म्हणजे स्वरांचा एक छोटा तुकडा, घेतो, पेटीवाला तिचा शेवटचा स्वर धरून ठेवतो. गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत त्या जागेची सावली दाखवायची, आणि त्याने पुन्हा तोंड उघडायच्या आत तिथून निघायचं. मुखडा (बंदिशीच्या ओळीची सुरुवात) आला की सगळे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकत्र. द्रुत तानेत, म्हणजे वेगवान स्वरमालिकेत, बरोबर पळावं लागतं, तिथे हात आणि कान दोन्ही तयार लागतात. पण खरी परीक्षा यातली कुठलीच नाही. परीक्षा म्हणजे काय वाजवायचं नाही हे कळणं. मारवा राग घ्या. गायक षड्ज टाळून कोमल ऋषभ (रे) आणि धैवतावर (ध) ताण धरून बसलाय, ऐकणारा षड्जासाठी कासावीस झालाय, आणि अशात पेटीवाल्याने सवयीने षड्ज दाबला की संपलं. गायकाची पाच मिनिटांची मेहनत एका बोटाने पाण्यात. असं करणारे आहेत, आणि त्यांना 'काय भरीव साथ केली' म्हणून टाळ्याही पडतात.

आता उन्हाळी महोत्सवाबद्दल, कारण तुम्ही जिथे ऐकलंत तिथे साथ ऐकू येणं मुळात अवघड.

नागपुरात मे महिन्यात सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो. रात्री आठलाही अंगणातल्या फरशा पायाला भाजतात. म्हणून कार्यक्रम सातचा जाहीर होतो आणि लोक साडेसातला येतात. मग दीपप्रज्वलन, प्रायोजकांचं मनोगत, शाल-श्रीफळ, आणि ज्यांना शाल दिली त्यांचंही मनोगत. साडेआठला गायक बसतो. आणि उघड्यावर असाल तर दहाला ध्वनिक्षेपक बंद, कारण ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तसे आहेत. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सणावारांत संपतात, आमच्या वाट्याला कुठून येणार! बंद सभागृहाला ही अडचण नाही, पण तिथे भाडं आहे. सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह किंवा लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह घ्यायचं म्हटलं की छोटे आयोजक मागे सरतात आणि एखाद्या शाळेचं पटांगण शोधतात. पटांगण आलं की कूलर आले.

कूलरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: स्टेजवर वारा मारणारा कूलर ठेवणाऱ्या आयोजकाला तबल्याजवळ बसवून तासभर तबला जुळवायला लावावं. कोरड्या हवेत पुडी (तबल्यावरचं चामडं) ताणते आणि तबल्याचा सूर चढतो, कूलरचा ओला वारा लागला की तोच उतरतो. वारा फिरता असेल तर तबलजी गाणं ऐकायचं सोडून गट्टे ठोकत बसतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, बिघडते ती वेगळी. पेटीचं लाकूड नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) आक्रसतं, कुठेतरी फट पडते, भात्यातून हवा सुटते आणि मधल्या सप्तकात फुसफुस सुरू होते. मी मेमध्ये पेटी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन जातो, गाडीच्या डिकीत कधीच ठेवत नाही. सूर मात्र तिचे जागचे हलत नाहीत, म्हणून शेवटी सगळे तिच्याकडे बघून जुळवतात. भाऊजी, हेही एक काम आहे बरं का.

बरं, ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या चौकात अशीच तीन दिवसांची उन्हाळी मैफल होती. आयोजकांचं नाव घेत नाही. पत्रिकेत माझं नाव 'साथसंगत' या शब्दाखाली इतक्या बारीक अक्षरात होतं की आईला भिंग लागलं. गायक पुण्याहून आलेला तरुण, पट्टी काळी एक. आधी दोन सत्कार झाले. त्यानंतर त्याने बागेश्री राग मांडला, छान रंगत होता, आणि दहाला पाच कमी असताना आयोजकांतले एक गृहस्थ विंगेतून घड्याळ दाखवायला लागले. त्याने द्रुत आवरतं घेतलं. लोक चुळबुळले. तेवढ्यात वाड्याचे मालक, ऐंशीच्या घरातले गृहस्थ, उठून म्हणाले, 'माइकची बंदी आहे ना, गाण्याची तर नाही? वर दिवाणखाना आहे. ज्यांना बसायचं त्यांनी वर चला.'

ज्यांना जायचं ते गेले, उरलेले पन्नासेक लोक लाकडी जिन्याने वर. पंखा एकच, तोही बंद करायला लावला. खिडक्या उघड्या. तानपुरे पुन्हा जुळवले. लोक इतके जवळ की पुढच्या ओळीतल्या एका काकूंचा गुडघा माझ्या पेटीला लागत होता. भाऊजी तिसऱ्या ओळीत, भिंतीला टेकून.

गायकाने दरबारी राग सुरू केला. खुल्या मंचावर हल्ली दरबारी त्याच्या वेळेला, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास, ऐकायला मिळतच नाही, दहाच्या आत जे बसेल ते गा, असा कारभार. इथे पावणेअकरा झालेले. खर्जात (खालच्या सप्तकात) गेला तेव्हा आवाज इतका बारीक केला की खाली रस्त्यावरची स्कूटर स्पष्ट ऐकू आली आणि कोणाला तिचा त्रास झाला नाही.

दरबारीतला गंधार (ग) तुम्हाला ठाऊक असेलच. कोमल, त्यातही पेटीतल्या कोमलपेक्षा उतरलेला, आणि तो सरळ उभा राहत नाही, ऋषभाकडून झुलत येतो. पेटीला झुलता येत नाही. बोटाने तिची पट्टी दाबली की ठोकळा स्वर. म्हणून गायक गंधाराकडे निघाला की मी ऋषभावर थांबायचो आणि हळूच भाता सोडून द्यायचो. तो झुलतोय तोवर पूर्ण गप्प. तो मध्यमाला (म) धरून परत ऋषभावर, मग षड्जावर उतरला की तिथे मी त्याच्यासाठी आधीच हजर. असं कितीतरी आवर्तनं चाललं. एकदा त्याने गंधारावरून माझ्याकडे बघितलं आणि किंचित मान हलवली. साथीदाराला पाकिटापेक्षा तेवढंच लागतं. (पाकीटही लागतं. आयोजकांनी गैरसमज करून घेऊ नये.)

साडेबाराला संपलं. खाली चौकात पन्हं होतं. भाऊजी ग्लास घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'अरे यार, महत्त्वाच्या जागी तर तू वाजवतच नव्हतास! पैसे कसले घेतोस?' लोक हसले. मीही हसलो. तबलजी हसला नाही. तो म्हणाला, 'काका, तुम्हाला ते ऐकू आलं ना की हा थांबला? खाली माइकवर दोन तास बसलात, तेव्हा ऐकू आलं होतं का?'

भाऊजींनी लगेच पवित्रा बदलला आणि आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं: रेडिओची बंदी. 'रेडिओने पेटीवर बंदी घातली होती ती काय उगाच?' तर त्या बंदीबद्दल एकदाचं लिहून टाकतो. आकाशवाणीने १९४० च्या मार्चपासून पेटी बंद केली, आणि ती बंदी १९७१ साली कुठे सैल झाली. बंदीच्या मागे लायोनेल फील्डन हे त्या वेळचे इंग्रज प्रमुख होते, आणि रेडिओतच काम करणारे जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार, ज्यांनी १९३८ साली पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथांचाही पाठिंबा होता. आक्षेप दोन: पेटीला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) नाही, आणि समान अंतरावर बसवलेल्या सुरांत आपल्या श्रुती (सुरांमधली बारीक अंतरं) बसत नाहीत. दोन्ही खरे आहेत! तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा पेटीचा गंधार सुमारे १४ सेंट (दोन लगतच्या सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो, कान तयार असेल तर तो टोचतो. म्हणूनच अनेक वादक पेटी आपल्या मुख्य पट्टीला हाताने जुळवून घेतात, मग पट्टी बदलली की वेगळी पंचाईत.

पण या आक्षेपांतून 'पेटीवाला नकोच' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी जरा आठवावं. भास्करबुवा बखल्यांच्या मागे गोविंदराव टेंबे बसायचे. भीमसेनजींच्या मागे अप्पा जळगावकर. या गायकांना सूर कळत नव्हता असं म्हणायची कोणाची छाती आहे? वाद्यात जे नाही ते त्यांच्या साथीदारांना पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं तिथे ते बाजूला व्हायचे. तुळशीदास बोरकरांसारखा माणूस एकल वादनाला बसला की हेच वाद्य गायचं, आणि साथीला बसला की तोच माणूस पुढे येत नसे. दोन्ही जमायला लागतं. भाऊजींच्या मते सारंगी असती तर बरं. असती तर बरंच, कोण नाही म्हणतंय? विदर्भात उन्हाळ्यात संध्याकाळी सारंगिया शोधून दाखवा, मी गाडीभाडं देतो.

बाकी तुम्हाला म्हणून सांगायचं तर, पुढच्या वेळी उघड्या पटांगणातली पुढची रांग पकडू नका, तिथे स्पीकरचा आवाज ऐकू येतो, माणसांचा नाही. शहरात घरगुती बैठका होतात, धंतोली, रामदासपेठ, महाल, कुठे ना कुठे चाललेल्या असतात, विचारत राहिलं की बोलावणं येतं. पेटी साधारणपणे गायकाच्या डाव्या हाताला असते, म्हणजे तुमच्या उजवीकडे. त्या बाजूला बसा. आणि ठुमरी किंवा नाट्यपद असलं तर माझं वरचं बरंचसं बोलणं लागू होत नाही, तिथे पेटीवाल्याला मोकळीक असते, मधल्या जागा भरायलाच त्याला बसवलेलं असतं.

हेही मान्य करतो की तुम्ही ऐकलेला वादक कोण होता ते मला ठाऊक नाही. तो प्रत्येक जागा तंतोतंत, पूर्ण, मोठ्याने पुन्हा वाजवत असेल आणि गायकाला श्वासाची फटही ठेवत नसेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. तसे आहेत, आणि आयोजकांना तेच आवडतात, कारण स्पीकरवर ते भरगच्च वाटतं.

भाऊजी, तुम्ही इथवर वाचलंच असेल तर खाली प्रतिक्रिया द्या. ताईच्या फोनवरून नको, स्वतःच्या नावाने.