मीटर कन्सोल काढताना बॅटरी सोडवावीच लागते का?

"चावी काढली की मीटरचा करंट बंदच होतो, मग बॅटरी कशाला सोडवायची?" असं तुम्ही गाडीच्या डॅशबोर्डवरच्या, वेग दाखवणाऱ्या मीटरबद्दल विचारलंय. करंट बंद होत नाही, आणि तो होतो असं छातीठोक सांगणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. मीटरला एक लाइन फ्यूजमधून थेट येते, तिच्यात 24 तास 12 व्होल्ट असतात. स्क्रू ड्रायव्हर घसरून त्या पिनेवरून पत्र्याला टेकला आणि फक्त फ्यूज उडाला, तर स्वस्तात सुटलात. नाहीतर मीटरचं सर्किट बोर्डच जातं.

आधी किलोमीटरचा फोटो काढा, स्टिअरिंग पूर्ण खाली आणि बाहेर घ्या. ते बटणावर हलत असेल तर बॅटरी सोडवल्यावर जागचं हलणार नाही. मग 10 नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, कापडात गुंडाळून लांब ठेवा. एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. दिला नसेल तर मी 10 मिनिटं धरतो. स्टिअरिंग व्हील मात्र खोलून काढू नका, त्यात एअरबॅग आहे आणि बहुतेक गाड्यांत त्याची गरजही नसते.

बेझल, म्हणजे मीटरभोवतीची प्लास्टिकची चौकट, प्लास्टिकच्या पट्टीनेच उचला. थंडीत प्लास्टिक कडक होऊन खटके तुटतात, बॅटरी सोडवण्याआधीच केबिन गरम करून घ्या. बेझल ओढण्याआधी त्याच्या वरच्या कडेखाली बघा, तिथे अनेकदा दोन स्क्रू लपलेले असतात. मीटरचे तीन-चार स्क्रू निघाले की लगेच खेचू नका. वायर आखूड असते, मीटर तिरका करून मागे हात घाला, कनेक्टरचा लॉक दाबून किंवा खटका फिरवून सोडवा. वायरला धरून कधीच ओढायचं नाही. जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबलही असते, तिची कॉलर दाबली किंवा फिरवली की सुटते.

काढलेला मीटर उभाच ठेवा, काही जुन्या मीटरच्या काट्यांना तेलाचं डॅम्पिंग असतं, म्हणजे काटा थरथरू नये म्हणून आत तेल असतं. काटे उपटू नका, कॅलिब्रेशन जातं. मीटर बाहेर असताना बॅटरी जोडून चावी फिरवलीत तर बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा फॉल्ट कोड साठतो, आणि इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) मीटरमध्येच असेल तर गाडी सुरूही होत नाही. बसवताना आधी कनेक्टर, शेवटी बॅटरी.

हे सगळं साध्या 12 व्होल्टच्या गाडीसाठी. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर आधी मॅन्युअलमधली बंद करायची पद्धत वाचा. आणि दुसरा मीटर बसवणार असाल तर बऱ्याच गाड्यांत किलोमीटर आणि चावीचं कोडिंग स्कॅनरवर करावं लागतं, ते पान्याने होत नाही.