देवासमोर तरी खरं बोल

"काकू, नमस्कार. आम्ही डॅलसजवळ राहतो. ह्यांची नोकरी गेली त्याला आज 19 दिवस झाले. हे एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी त्यावर अवलंबून असलेल्या एच-फोरवर, मुलगा 9 वर्षांचा. सातारला सासू-सासऱ्यांना काहीच सांगितलेलं नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलला हे इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. बाकीचा दिवस गॅरेजमध्ये, बंद गाडीत, फोन हातात धरून. परवा म्हणाले, 'माझ्या विम्याचे पैसे आले तर तुमचं निभेल.' आणि हसले. सासूबाईंना आवाजावरून काहीतरी लागलंय. त्या म्हणतात, गुरुचरित्राचं पारायण कर, देवावर भरवसा ठेव. मी रोज दिवा लावते, रामरक्षा म्हणते, पण शब्द नुसते तोंडातून जातात. आत काही हलत नाही. उलट रागच येतो. देवाचा राग येणं पाप आहे का? आणि भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?"

तुला 'तू'च म्हणते, माझ्या सुनेच्या वयाची आहेस.

देवाकडे नंतर येऊ. आधी ते विम्याचं वाक्य. तुझं पत्र वाचल्या वाचल्या मी तुला ई-मेल केली होती, तीच गोष्ट इथे सगळ्यांसाठी पुन्हा लिहिते, कारण असं वाक्य हसण्यावारी नेणारी घरं मी पाहिली आहेत. नवऱ्याला सरळ विचारायचं, "जीव द्यायचे विचार मनात येतात का?" हेच शब्द. आडून आडून नाही. विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा आपल्याकडचा गैरसमज आहे. बहुतेक वेळा कुणीतरी विचारलं याचंच माणसाला हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं, किंवा नुसती मान खाली गेली, तरी त्याला एकटं सोडू नकोस आणि 988 या हेल्पलाइनला फोन लाव. अमेरिकेत जुलै 2022 पासून हा नंबर चालू आहे. दिवसरात्र, फुकट. फोन करा किंवा मेसेज करा, आणि घरातल्या माणसानेही केला तरी चालतो. धोका अगदी समोर दिसत असेल तर 911. सातारला किंवा भारतात कुठेही कुणाच्या घरी अशी वेळ आली तर तिथे टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे. हे सगळं आधी, रामरक्षा मागाहून. रामाला त्याचं वाईट वाटणार नाही.

आता दिवस मोजू, कारण निम्मी भीती न मोजलेल्या दिवसांची असते. एच-वनवाल्याची नोकरी गेली की अमेरिकेत राहून पुढची सोय बघायला जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते. ती सहसा पगाराच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होते. कंपनीने जाताना एकरकमी पैसे दिले म्हणून ती लांबत नाही. तुझा एच-फोर त्याच्या एच-वनवर उभा आहे, तेव्हा हे दिवस तुझेही आहेत. नव्या कंपनीने या मुदतीत एच-वनचा अर्ज भरला तर बराचसा प्रश्न मिटला. नाहीतर मुदत संपण्याआधी व्हिसाचं स्टेटस बदलण्याचा अर्ज करता येतो, पण तो करावा की नाही हे इमिग्रेशनच्या वकिलाकडून समजून घे, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून नको. ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला आय-140 अर्ज मंजूर होऊन 180 दिवस उलटले असतील तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला म्हणून ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख सहसा जात नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते रात्र रात्र तळमळतात. आरोग्य विम्यासाठी कोब्रा (जुन्या कंपनीचाच विमा आपल्या पैशांनी चालू ठेवायची सोय) घ्यायचा की नाही हे ठरवायलाही साधारण 60 दिवस मिळतात. वकिलाची एक तासाची फी जड वाटेल. तरी दे.

आमच्या घरी हे 2001 साली झालं. तेव्हा ही 60 दिवसांची सवलतसुद्धा नव्हती, ती आली जानेवारी 2017 मध्ये. मुलं लहान. आम्ही चार महिने भारतात कुणाला कळू दिलं नाही. फोनकार्ड घासून नंबर लावायचा आणि 'सगळं छान' म्हणायचं. पुण्याला माझ्या बहिणीला कळलं तेव्हा नोकरी गेल्याचं तिला काही वाटलं नाही, पण मी चार महिने खोटं बोलले म्हणून ती वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. आज वाटतं, ती लाज कसली होती? मंदी आली, कंपनीने माणसं काढली. आम्ही कुणाच्या घरी दरोडा घातला नव्हता.

ही लाज जुनी आहे. देहूच्या तुकोबांचं घर खाऊनपिऊन सुखी. वाण्याचा धंदा, महाजनकी. मग 1630 च्या सुमाराचा दुष्काळ आला. धंदा बसला, पैसा गेला, मान गेला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही, त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय, आणि तिथेच म्हटलंय, 'लज्जा वाटे जीवा'. व्यापारात खोट आली, जिवाला लाज वाटते. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली तरी आपण ते म्हणतो, गातो, आणि तुझा नवरा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून बसतो.

त्याच अभंगात पुढे काय येतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. एकदम साक्षात्कार वगैरे काही नाही. देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं, एवढंच. म्हणजे आधी लाज बोलून टाकली आणि मग हाताला काम धरलं. माती, दगड, भिंत. बाकी सगळं त्याच्याही नंतरचं. 'तुकाराम झाले म्हणून त्यांना जमलं' असं आपण म्हणतो, पण त्या दिवशी ते तुकाराम महाराज नव्हते. दिवाळं निघालेला एक वाणी होता.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं. भरवसा ठेवणं म्हणजे 60 दिवसांच्या आत ऑफर येणारच, असं मनाला पटवत बसणं नव्हे. तसं पटवत बसलीस तर 61 व्या दिवशी नोकरीबरोबर देवही जाईल. ज्याच्यासमोर खोटं हसायची गरज पडत नाही, त्याच्यापुढे आहे तसं बसता येणं, याला मी भरवसा म्हणते. तुला राग येतोय ना? मग रागाने बोल. जनाबाईच्या नावावरचे अभंग बघ, विठोबाला 'विठ्या' म्हणून शिव्या घातल्यात तिने, आणि त्याच विठोबाने तिच्याबरोबर दळण दळलं असं आपण पोरांना सांगतो. ज्याच्याशी भांडता येतं तो आपल्या घरचा. परक्याशी आपण गोड बोलतो. तुझी कोरडी रामरक्षा हे पाप नाही, पण सध्या ती तू परक्यासारखी म्हणतेयस. काही दिवस ती बाजूला ठेवलीस तरी चालेल. दिवा लाव (उदबत्ती जपून, तुमच्याकडचे धुराचे अलार्म भलतेच नास्तिक असतात) आणि पाच मिनिटं मराठीत, मोठ्याने, जे आहे ते सांग. "आज 20 वा दिवस. वकिलाने फोन उचलला नाही. मला तुझा राग आलाय." बस्स. शेजारी मुलगा असेल तर असू दे. बाबा ऑफिसला जात नाहीत हे 9 वर्षांच्या पोराला कधीच कळलेलं असतं, फक्त विचारायची चोरी वाटते.

पारायणाचं म्हणशील तर सात दिवसांचे ते नियम तू आता अंगावर घेऊ नकोस. सासूबाईंना करू दे. त्यांनाही हातात काहीतरी हवंच आहे. पण कशासाठी करायचं ते त्यांना खरं सांगून. नवस मात्र कुणीच बोलू नका. तुकोबांनी नवसाची चांगली थट्टा केलीय, आणि मला तर तो अगदी कंपनीच्या बोनससारखा वाटतो: टार्गेट पूर्ण केलंस तर देईन.

आणि नवऱ्याला त्याचं देऊळ शोधून दे. अर्ज भरणं हे काम दिवसाचे चार तास पुरे, पुढे डोकं चालत नाही. उरलेल्या वेळात माणूस गाडीत बसणार नाही असं काहीतरी हवं. मंदिराच्या स्वयंपाकघरात शनिवारी कांदे चिरायला माणसं लागतातच. मराठी शाळेत खुर्च्या मांडायला लागतात. मंडळाच्या लोकांना कळेल म्हणून तो नाही म्हणेल. कळू दे. अगं, आपल्या लोकांच्या नोकऱ्या अर्ध्या अशाच लागतात, कुणाच्या तरी वहिनीच्या कंपनीत जागा आहे म्हणून. मंडळापासून लपवलं तर ती वहिनी तुम्हाला भेटणार कशी?

राहिला सातारचा फोन. शनिवारी तुमच्या रात्री साडेआठला लाव, उन्हाळ्यात तिकडे रविवारचे सकाळचे सात वाजलेले असतात. चहा झालेला असतो, बाबांची बीपीची गोळी झालेली असते, दिवसभर कुणीतरी सोबतीला असतं. रात्री झोपायच्या वेळी अशी बातमी कधी देऊ नये. व्हिडिओ नको, नुसता आवाज. बोलायचं नवऱ्याने, तू शेजारी बसायचं. पहिलं वाक्य, "आम्ही तिघंही बरे आहोत." दुसरं, "नोकरी गेलीय." मग गप्प. आई रडतील, रडू देत. बाबा बहुतेक विचारतील की पैसे पाठवू का. पैशांची गरज नसली तरी लगेच 'नको' म्हणू नका. "लागले तर सांगतो" म्हणा.

शर्ट कुठलाही चालेल. फोन झाला की दोन ओळी मला लिही.