रोखून की राखून? राज्यपालांची क्रियापदे

प्रश्न असा आला आहे: 'राज्यपालांनी विधेयक रोखून ठेवले' आणि 'राज्यपालांनी विधेयक राखून ठेवले' अशा दोन्ही बातम्या वाचायला मिळतात. हा नुसता मुद्रणदोष आहे की अर्थ खरोखर वेगळा आहे? शिवाय विधेयकाला 'मंजुरी' म्हणावे, 'संमती' की 'अनुमती'?

अर्थ पूर्ण वेगळा आहे. फरक एका मात्रेचा, पण त्या मात्रेने विधेयकाची वाटच बदलते. संविधानाचा अनुच्छेद २०० सांगतो की विधानमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांपुढे आले की त्यांनी अनुमती द्यावी, अनुमती रोखून ठेवावी किंवा विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवावे. इथे कर्मे नीट पाहा. रोखली जाते ती अनुमती, राखले जाते ते विधेयक. म्हणून 'विधेयक रोखून ठेवले' ही रचनाच ढिली आहे. ती वाचून राज्यपालांनी नकार कळवला की काहीच न कळवता कागद टेबलावर पडू दिला, ते उमगत नाही. दुसऱ्या प्रकाराला सरळ 'प्रलंबित ठेवले' म्हणावे.

'राखणे' हे 'रक्ष्' धातूवरून आलेले. त्यात कोणासाठी तरी जपून ठेवणे आहे. राखीव जागा कोणासाठी तरी असते, तसेच राखून ठेवलेले विधेयकही. म्हणून या वाक्यात 'राष्ट्रपतींच्या विचारार्थ' हे शब्द जागा नाही म्हणून गाळू नयेत. न्यायालय 'निकाल राखून ठेवते' तेव्हा तो स्वतःच नंतर देणार असते. राज्यपालांनी राखलेल्या विधेयकाचा निर्णय मात्र त्यांच्या हातून गेलेला असतो.

तमिळनाडूत नोव्हेंबर २०२३ मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. राज्यपालांनी दहा विधेयकांची अनुमती रोखली, विधानसभेने ती विधेयके पुन्हा संमत केली आणि मग राज्यपालांनी ती राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली. ही बातमी लिहिताना मात्रा चुकली तर घटनाक्रमच उलटा होतो.

'अनुमती रोखली' म्हणजे विधेयक 'फेटाळले' असेही नव्हे. अनुमती रोखायची तर विधेयक संदेशासह परत पाठवले पाहिजे, नुसते रोखून ते निकालात काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या प्रकरणात २०२३ साली म्हटले आणि राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवरील नोव्हेंबर २०२५ च्या मतातही तीच दिशा ठेवली. परत जाते ते सभागृहाकडे. 'सरकारकडे परत पाठवले' हे अध्यादेशाच्या मसुद्याबाबत चालेल, विधेयकाबाबत चूक. धन विधेयक (कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचे) परत पाठवता येत नाही. परत गेलेले विधेयक सभागृहाने जसेच्या तसे किंवा बदल करून पुन्हा संमत केले, तर राज्यपालांना अनुमती रोखता येत नाही. राष्ट्रपतींवर असे बंधन नाही (अनुच्छेद २०१), म्हणून 'राष्ट्रपतींनी अनुमती नाकारली' हे वाक्य निर्दोष आहे, राज्यपालांबाबत तेच सैल.

आता मंजुरी, संमती, अनुमती. 'मंजुरी' ही मंत्रिमंडळाची किंवा सभागृहाची. 'सम्' म्हणजे एकत्र. सदस्य मिळून ठरवतात, म्हणून सभागृहात विधेयक 'संमत' होते. 'अनु' म्हणजे मागून. सभागृहाने ठरवल्यानंतर येते ती 'अनुमती'. तिन्हींच्या जागी 'मंजुरी' वापरली की निर्णय कोणाचा हेच वाक्यातून पुसले जाते, आणि 'राज्यपालांनी कायदा मंजूर केला' अशी वाक्ये जन्माला येतात. 'परवानगी' तर नकोच, ती कामाच्या आधी घेतात. आधी लागते ती वेगळीच गोष्ट: धन विधेयक मांडण्यापूर्वी राज्यपालांची 'शिफारस' (अनुच्छेद २०७). 'सही केली' हे बोलण्यात ठीक. सही ही अनुमतीची खूण झाली.

अध्यादेशाला अनुमती नसतेच. तो राज्यपाल स्वतः 'प्रख्यापित' करतात (अनुच्छेद २१३), म्हणून 'अध्यादेशाला अनुमती दिली' लिहू नये. 'प्रख्यापित' जड वाटला तर 'काढला' किंवा 'जारी केला' लिहा, अर्थ बिघडत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये त्याच तमिळनाडूच्या दहा विधेयकांना न्यायालयाने अनुमती मिळाली असे मानले, तेव्हा 'गृहीत अनुमती', 'स्वयंचलित मंजुरी' असे शब्द सुचवले गेले. नवा शब्द घडवायची गरज नव्हती. मराठी कायद्यात 'मानीव' (प्रत्यक्ष झाले नसले तरी कायद्याने झाले असे धरलेले) आहे. गृहनिर्माण संस्थांच्या 'मानीव अभिहस्तांतरणा'मुळे (जागेची मालकी संस्थेच्या नावे झाली असे मानणे) तो सोसायटीच्या सूचनाफलकापर्यंत पोचला आहे. तेव्हा 'मानीव अनुमती' म्हणावे. ही कल्पना नोव्हेंबर २०२५ च्या मतात न्यायालयाने अमान्य केली, राज्यपालांना ठरावीक मुदत घालून देता येणार नाही असेही म्हटले; पण अमान्य झालेल्या गोष्टीलाही नाव लागतेच.

जाता जाता 'स्वेच्छाधिकार'. हा शब्द रूढ आहे, तरी मला तो खटकतो. अनुच्छेद १६३ नुसार राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि थोड्याच बाबी त्यांच्या 'स्वविवेका'वर सोडल्या आहेत. इच्छा आणि विवेक एक नव्हेत. 'मर्जी'चेही तसेच. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत राज्यपाल पदावर राहतात (अनुच्छेद १५६), पण मराठीत मर्जी म्हटले की खफा होणारी मर्जी डोळ्यांपुढे येते. २०१० साली बी. पी. सिंघल प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की ही मर्जी मनमानीने काढून घेता येत नाही. संविधानाच्या हिंदी पाठात याच ठिकाणी 'प्रसादपर्यंत' आहे. तो शब्द मराठीत घेतला असता तर वाचक देवळात पोचला असता, तेव्हा 'मर्जी'च बरी.