मुलीनं एनएमआरमध्ये पीएच.डी. करावी का?

प्रश्न : माझी मुलगी गोवा विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. पुढं एनएमआरमध्येच पीएच.डी. करायची म्हणते. 'न्यूक्लिअर' ऐकून सासूबाई धसकल्या आहेत, आणि मला पोटापाण्याची काळजी. या विषयात आयुष्य घालवलेल्या कुणाबद्दल सांगाल का?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी निर्धास्त करा. एनएमआर म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, अणुकेंद्राच्या चुंबकत्वावरून रेणूची रचना ओळखायची पद्धत. इथं किरणोत्सर्ग नाही. हायड्रोजनच्या अणुकेंद्राला इवलंसं चुंबकत्व असतं. जबर चुंबकात ठेवून त्याला रेडिओलहरी दिल्या, की ठरावीक कंप्रतेला (फ्रिक्वेन्सीला) ते प्रतिसाद देतं. हाच त्याचा संकेत. जपायचं ते चुंबकापासून. पेसमेकरवाल्यानं जवळ जायचं नाही, किल्ल्या नि बँकेचं कार्ड बाहेर ठेवायचं.

मी कॉलेजात हा विषय शिकवला. पेन्सिलीहून बारीक काचेची नळी, तिच्यात जेमतेम अर्धा मिलिलिटर द्रावण. पावसाळ्यात तर ती बाहेरून नीट पुसूनच हवेच्या झोतावर ठेवायची. झोत कमी झाला की ती अलगद चुंबकाच्या पोटात उतरते. ते बघताना मुलींचे चेहरे जसे खुलायचे, तशीच तुमची लेक खुलली असणार.

1951 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोलचे तीन वेगळे संकेत दाखवले. आपल्या काजू फेणीतलं तेच हे अल्कोहोल. रेणूत हायड्रोजन तीन जागी, तीन-दोन-एक असे, आणि जागा बदलली की कंप्रता किंचित बदलते. संकेतही त्याच प्रमाणात. यातले धर्मट्टी पुढं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण लेकीला चरित्र वाचायला द्यायचं तर रिचर्ड अर्न्स्ट यांचं. जन्म 1933, स्वित्झर्लंडमधलं विंटरथूर. तेराव्या वर्षी माळ्यावर वारलेल्या काकांची रसायनांची पेटी सापडली, आणि घरात स्फोट सुरू झाले! 1962 मध्ये झुरिकला पीएच.डी. झाली तेव्हा मात्र ते विद्यापीठाला कंटाळले होते. अमेरिकेत एनएमआरची यंत्रं बनवणाऱ्या व्हेरियन कंपनीत गेले. तेव्हा कंप्रता हळूहळू सरकवत एकेक संकेत टिपावा लागे, वेळ जाई आणि क्षीण संकेत हरवत. अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी 1964 मध्ये रेडिओलहरींचा एकच छोटा स्पंद देऊन सगळी केंद्रं एकदम जागी केली आणि गणितानं संकेत वेगळे केले. गोव्याच्या सुवारीवादनात घुमट, शामेळ, कांसाळें ही वाद्यं एकत्र वाजत असताना जाणता कान प्रत्येकाचा ठेका वेगळा ओळखतो, तसं. एका नियतकालिकानं तो लेख दोनदा परत पाठवला. अखेर दुसऱ्याने 1966 मध्ये छापला. 1991 चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्न्स्ट यांना मिळालं, ती बातमी मॉस्कोहून न्यूयॉर्कला जाताना विमानात कळली.

अमेरिकेहून अर्न्स्ट झुरिकला परतले होते. तिथं त्यांच्याकडे काम केलेले अनिल कुमार पुढं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. 1975 मध्ये कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट यांनी मांडलेली पद्धत आजच्या एमआरआयच्या मुळाशी आहे.

पोटापाण्याचं म्हणाल तर औषधनिर्मितीत रेणूची रचना नि अशुद्धी ओळखायला ही माणसं लागतातच. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी सागरी जीवांतली संयुगं ओळखण्याचं काम असतं. मात्र प्रवेशाआधी लेकीनं मार्गदर्शकांना एक विचारावं : यंत्र स्वतः चालवायला मिळेल का? काही ठिकाणी नमुना द्यायचा आणि छापील आलेख घेऊन यायचं, एवढंच विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं. तशा ठिकाणी तिनं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.