चित्रावरचा हात

“मॅडम, तो वाचत नाही हो. पाठ झालंय म्हणून घडाघडा म्हणतो नुसतं. आणि नवीन पुस्तक दिलं की चित्राकडे बघून ठोकून देतो.”

शब्द थोडे इकडचे तिकडे, पण हे गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मला आधीच कळतं : “आता पहिलीत गेलाय. चित्रांची पुस्तकं बंदच करावीत म्हणते.” बहुतेकदा हे सांगायला आईच येते. बाबांचं मत “त्यात काय एवढं” असतं आणि आजोबा “आमच्या वेळी” म्हणून तेल ओततात. त्यातल्याच एका मायलेकाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच घेतलं आहे.

मुलगा सहा वर्षांचा, बोलका. पहिल्या भेटीत मी प्रश्नावली वगैरे काढत नाही. “घरी जसं वाचता तसं इथे वाचा,” एवढंच सांगते आणि बाजूला बसते. पुस्तक त्यांनीच आणलेलं होतं. एका मुलीचा मोजा हरवतो आणि ती तो घरभर शोधते, एवढीच गोष्ट. पानावर एक-दोन ओळी, बाकी चित्र.

आईने पुस्तक उघडलं आणि डाव्या हाताचा पंजा चित्रावर सपाट ठेवला. “हं. वाच.”

“मो… जा…” मान वर, आईच्या चेहऱ्याकडे. भुवया जागच्या जागी होत्या, म्हणून गडी पुढे सरकला. “कप… कपडा…” पुन्हा मान वर. एक भुवई उचलली गेली होती. “कपाटात!” भुवई खाली आली.

थोड्या वेळाने तो म्हणाला, “आई, हात काढ ना.”

“नाही. आधी वाचायचं, मग चित्र.”

पुढच्या पानाला त्याला शू लागली.

त्या दहा मिनिटांत त्याने सगळ्यात बारकाईने काय वाचलं असेल, तर आईच्या भुवया. मुलं यात फार हुशार असतात. समोर परीक्षक बसलाय हे कळलं की ती उत्तर कागदावर शोधायच्या ऐवजी परीक्षकाच्या तोंडावर शोधतात, कारण तिथे ते लवकर सापडतं. शाळेच्या वाचनचाचणीत ‘अंदाजपंचे वाचतो’ असा शेरा मिळालेल्या कित्येक मुलांच्या बाबतीत मला हेच दिसलं आहे, आणि हे कुठल्या चाचणीच्या गुणांत दिसत नाही. शेजारी बसून बघावं लागतं.

पुढच्या भेटीत मी दोनच गोष्टी बदलल्या. समोरासमोर न बसता दोघांना शेजारी शेजारी बसवलं, म्हणजे आईचा चेहरा त्याला सहज दिसणार नाही. आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. “आज वाचायचं नाही. आईला गोष्ट सांग,” म्हटलं. आईला सांगितलं, “तुम्ही काही विचारायचं नाही.” तिला ते जड गेलं. हात मांडीखाली घालून बसली होती बिचारी.

दुसऱ्याच पानावर तो म्हणाला, “हा बघ, आला.”

“कोण आला?” राहवलं नाहीच तिला.

“उंदीर! तोच तर मोजा नेतोय.”

“कुठला उंदीर? यात उंदीर कुठाय?”

“अगं, पहिल्या पानापासून नेतोय. ही बघ शेपटी. आणि हिला माहीतच नाही, ही वेडी कपाटात शोधतेय.” मग एकदम थांबून म्हणाला, “तुला पण माहीत नव्हतं?”

ओळींमध्ये उंदराचं नावही नव्हतं. तो फक्त चित्रात होता, पलंगाच्या पायाशी, पडद्यामागे, उशीआडून डोकावताना. आईने पुस्तक त्याच्या हातातून घेतलं आणि पहिल्या पानापासून स्वतः उलटायला लागली. या वेळी तिचा वेगच वेगळा होता. मध्येच ती ओरडली, “अरे, आरशात बघ! आरशात पण दिसतोय!”

“कुठे? दाखव, दाखव!” हे त्यालाही सापडलं नव्हतं.

“मी हे पुस्तक किती वेळा वाचलंय मॅडम,” ती म्हणाली.

“ओळी वाचल्यात,” मी म्हटलं.

आता थोडं माझं ऐका. चांगल्या चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट शब्द सांगतात आणि अर्धी चित्र, आणि कधीकधी चित्र शब्दांच्या पाठीमागे भलतंच काही करत असतं. चित्र झाकून ते वाचायला लावणं म्हणजे गाण्याची चाल बंद करून नुसते शब्द ऐकवणं. मुलांच्या हातात चित्र आणि शब्द एकत्र द्यायची कल्पना तशी जुनीच आहे. १६५८ साली कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी काढलेल्या पुस्तकात चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा होता आणि तोच आकडा खाली लॅटिन आणि जर्मन शब्दाला. म्हणजे डोळ्याने चित्रावरून शब्दावर आणि शब्दावरून चित्रावर ये-जा करावी हेच अपेक्षित होतं.

आणि एक गोष्ट पालकांना हमखास ठाऊक नसते. चित्रपुस्तक ही वाचनाची सोपी पायरी नव्हे. ते बहुतेकदा मोठ्यांनी वाचून दाखवण्यासाठी लिहिलेलं असतं, म्हणून त्यात ‘धांदरट’ असतं, ‘हळूच डोकावली’ असतं, जोडाक्षरं असतात. नवशिक्या वाचकासाठीचं पुस्तक वेगळं. त्यात अक्षरं मोजकी, शब्द पुन्हा पुन्हा तेच, सुरुवातीला काना-मात्राही नाही. ‘मगर वर बघ’ छापाची वाक्यं त्यातूनच येतात. इतक्या बंधनात गोष्ट रंगवणं महाकठीण. १९५७ साली अमेरिकेत डॉ. स्यूस यांनी अवघे २३६ वेगवेगळे शब्द वापरून एक पुस्तक लिहिलं आणि ते तुफान गाजलं, पण तो हात सगळ्यांकडे नसतो. तेव्हा चित्रपुस्तक उघडून ‘वाच’ म्हणणं हा मुलावर अन्याय आहे. पोहायला शिकतोय त्याला थेट खोल पाण्यात सोडल्यावर तो काठ पकडणारच. इथे काठ म्हणजे चित्र.

पण दुसरी बाजूही सांगते, कारण ‘चित्रं बघता बघता आपोआप वाचायला लागेल’ असं सांगणारेही भेटतात. आपोआप लागत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वाचून दाखवताना चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर कुठे जाते हे मोजलं होतं. ती जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, अक्षरांकडे मुलं क्वचितच बघत होती. म्हणजे वाचून दाखवल्याने शब्दसंपत्ती वाढते, गोष्टीची जाण येते, पण अक्षरओळख वेगळी करून द्यावी लागते. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे छान मांडलं : वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. त्यामुळे मुलाने चित्रावरून शब्दाचा अंदाज केला तर त्याला वाचन म्हणून शाबासकी देऊ नये. रागवूही नये. बोट हळूच अक्षरावर न्यावं, बस्स.

त्या मुलाच्या बाबतीत हे कसं जुळून आलं, ते मला आजही सांगावंसं वाटतं. उंदीर ओळींत नाही हे आईच्या लक्षात आल्यावर त्यालाही ते नव्यानेच कळलं. मग त्याला चाळाच लागला. “इथे लिहिलाय का उंदीर? इथे?” तो प्रत्येक ओळीत ‘उ’ शोधायला लागला. आणि उशीच्या पानावर त्याला तो सापडला! चित्रात उशीआडून उंदीर डोकावत होता, ओळीची सुरुवात ‘उ’ने. “लिहिलाय! इथे लिहिलाय उंदीर!”

आई काही म्हणणार होती. मी मानेनेच नको म्हटलं.

त्याने बोट ठेवलं. “उ…” बोट पुढे सरकलं. बराच वेळ शांतता. “शी… उशी. उशी-खा-ली.” मग स्वतःशीच, थोडा हिरमुसून, “नाही लिहिलेला. उशी लिहिलंय.”

मान वर झाली नव्हती.

मला जे बघायचं होतं ते हे. चित्राने त्याला अंदाज दिला, अक्षरांनी तो खोडला, आणि अक्षरांचं खरं मानायचं हे त्याने स्वतः ठरवलं. कुणाच्या भुवईची त्याला गरज पडली नाही. मी व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाला मानणारी बाई आहे. मूल आज मोठ्यांच्या मदतीने जे करतं ते उद्या एकट्याने करतं, हे त्याचं म्हणणं मला रोजच्या कामात पटत आलंय. फक्त मदत आणि तपासणी यांत फरक आहे, आणि तो मांडीवरच्या मुलाला आपल्या आधी कळतो.

घरी लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. आईचा हात सवयीने चित्राकडे जायचाच, आणि पाहुण्यांसमोर “वाचून दाखव रे” हा कार्यक्रम आजोबांकडून बंद करून घ्यायला मला त्यांच्याशी स्वतंत्र बोलावं लागलं.

मी त्यांना सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. दोन पुस्तकं वेगळी ठेवा, एक तुम्ही त्याला वाचून दाखवायचं आणि एक त्याने तुम्हाला. पहिलं कितीही अवघड, कितीही लांब असू दे, त्यात परीक्षा नाही. दुसरं इतकं सोपं हवं की पानात एखाद-दुसराच शब्द अडावा, आणि तेही दहा मिनिटांत आटपायचं. अडला की मनातल्या मनात पाच आकडे मोजा. आपण फार लवकर सांगून टाकतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारताना नंतर येते, ध आणि घ, भ आणि म सारखे दिसतात, ‘र’ तर कधी डोक्यावर बसतो कधी पायाशी. हे सगळं पहिलीत घोटाळ्याचंच असतं, त्यावरून लगेच निदान करू नका.

पाठ म्हणत असेल तर म्हणू द्या, फक्त म्हणताना शब्दांखालून बोट फिरवायला सांगा. बोट आणि तोंड कुठे चुकलं हे त्यालाच जाणवतं. वाचून दाखवताना प्रश्न विचारणं चांगलंच, लहान मुलांची बोलण्यातली भाषा त्याने सुधारते हे व्हाइटहर्स्ट या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं आहे. पण “हा कुठला रंग? किती झाडं?” अशी सरबत्ती म्हणजे पुन्हा परीक्षाच. “आता ही काय करेल?” असं विचारा, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नसेल.

आणि घोटाळा नेहमीचाच आहे की काळजीचा, हे कसं ओळखायचं? वर्षभर नीट शिकवूनही शिकलेली अक्षरं टिकत नसतील, ‘मासा’ आणि ‘मोर’ एकाच आवाजाने सुरू होतात हे ऐकू येत नसेल, ताला-यमकाची गंमत कळत नसेल, किंवा घरात आणखी कुणाला वाचायला फार त्रास झाला असेल, तर वाट बघत बसू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, वर्गशिक्षकांशी बोला आणि अध्ययन-अडचणींच्या तज्ज्ञांकडे जा. चित्रपुस्तकं त्या काळातही चालूच ठेवा. गोष्टी ऐकायला त्याला बहुतेकदा अडचण नसते, आणि अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला ती ऐकलेली भाषा पुढे कामी येते.