क्यूब पास झाले, आता पुढचं

चि. स,

अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीकडच्या साइटवर तुझ्या पहिल्या स्लॅबचे २८ दिवसांचे क्यूब (त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) पास झाले, वाचून आनंद झाला. पण पुढे 'आता स्लॅबची काळजी मिटली' असं लिहिलंस, ते खटकलं, म्हणून लगेच उत्तर लिहितोय.

क्यूबवरून मजबुती कळते, टिकाऊपणा नाही. शिवाय क्यूब साच्यातून काढल्यापासून चाचणीपर्यंत पाण्याच्या टाकीत बुडून असतो. तुझा स्लॅब उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात असतो. समुद्रकाठी इमारती बहुतेक वेळा भाराने खचत नाहीत, सळई गंजल्यामुळे खराब होतात. चांगल्या काँक्रीटमधला अल्कलीपणा सळईला गंजू देत नाही. मात्र छिद्रांतून खार आत शिरला की ते संरक्षण संपतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, सळई फुगते, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) तडकतं, आणि छताचे पोपडे पडायला लागतात. तोवर कंत्राटदार बिल घेऊन केव्हाच गेलेला असतो. घरात राहणाऱ्यांनी मात्र आयुष्याची पुंजी त्यात घातलेली असते. त्यांच्यासाठी हे सगळं जपायचं.

आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला 'तीव्र' वर्गात धरलंय : किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट, कव्हर ४५ मिमी, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५. स्टोअरमधून सवयीने सळईखाली ठेवायचे २० मिमीचे कव्हर ब्लॉक येतील, ते परत पाठव. सळईखाली फरशीचे तुकडे किंवा खडी सरकवलेली दिसली तर काढायला लाव. काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः वाकून बघ, विशेषतः बाल्कनीत. तिथे मुख्य सळई वरच्या बाजूला असते आणि माणसं तिच्यावरून चालून ती खाली दाबतात. मग तिच्यावर हवं त्याहून जास्त काँक्रीट बसतं आणि बाल्कनीची ताकदच जाते. सळई वर धरणाऱ्या खुर्च्या पुरेशा लाव, चालायला फळ्या टाक.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, त्यात वाळूतला ओलावाही धरायचा. मुकादम म्हणणारच, "मॅडम, माल पळत नाही, थोडं पाणी वाढवू." वाढवू देऊ नकोस. ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं. माल पळवायचाच तर प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) मागव, आणि व्हायब्रेटर नीट फिरवून घे.

क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याला, सगळ्यात कमी मान मिळतो. स्लॅबवर आळी करून पाणी भरतात, ते ठीक. कॉलमला मात्र सकाळी एकदा पाईप मारला की झालं, अशी समजूत असते. गोणपाट गुंडाळ, ते दुपारीही ओलं हवं. साधं सिमेंट असेल तर किमान ७ दिवस, पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) असेल तर १०, आणि कोरड्या उन्हाळ्यात पीपीसीला १४ धर. रविवारी पाणी कोण मारणार, हे शनिवारीच नावानिशी ठरव.

एक राहिलं. साइटवरची विहीर समुद्रापासून जवळ आहे, असं तू लिहिलंयस. आरसीसीसाठी (सळई घातलेल्या काँक्रीटसाठी) पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पुढच्या स्लॅबआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दे आणि रिपोर्ट मलाही पाठव. जास्त निघालं तर टँकर मागवायचा, आणि क्युरिंगलाही तेच गोडं पाणी वापरायचं.

तुझा,
काका